चार नंबरचा डबा

बर्गन, १६ एप्रिल

प्रिय ओड्लाइव मामा,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी तुझ्या बऱ्या कानात ओरडले, तू माझ्या कानात ओरडलास, आणि त्यातलं निम्मं बोर्गहिल्डने दुकानात उभ्या उभ्या ऐकलं. म्हणून पत्र.

मार्चमध्ये आमचं जहाज नेस्वोगला आलं तेव्हा तू विचारलं होतंस, हे सहा डबे फ्योर्डच्या तळाशी टाकून तुम्ही करणार काय. मी सांगायला लागले आणि तू कॉफी गरम करायला उठलास. आता बसून वाच. पाण्याखाली उपग्रहाचं काही चालत नाही. रेडिओ हातभर खाली गेला की संपतो. दूरवर पोचतो तो फक्त आवाज. म्हणून आमचे डबे तळाशी बसून ऐकतात आणि एकमेकांशी आवाजानेच बोलतात. पण ऐकलेलं कुठे ऐकलं हे माहीत नसेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि सोडलेला डबा प्रवाहातून वाहत नेमका कुठे जाऊन बसला हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यासाठी वर तीन पिवळे बोये आहेत. त्यांना स्वतःची जागा पक्की माहीत असते. बोया हाक मारतो, डबा ओ देतो. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. तिन्ही बोयांपासूनची अंतरं जिथे जुळतात तिथे डबा. माझं सोळा वर्षांचं काम एवढंच आहे. कागदावर लिहिल्यावर फारच थोडं दिसतं.

आता अडचण. परवा बोये पहिल्यांदा चालू केले. पाच डबे जिथे टाकले तिथेच आहेत. चार नंबरचा मात्र साडेतीनशे मीटर पश्चिमेला सरकलेला दिसतोय. इतकं वाहत जाणं शक्य नाही. आमच्या विभागाचा प्रमुख गीस्ले म्हणाला, "तोरुन, तुझा डबा चालायला लागला का?" आणि तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. २१ मेला ओस्लोहून दोघेजण येणार आहेत. मी कागदावर जागा सांगायची, ते तिथे कॅमेरा खाली सोडणार. डबा दिसला तर पुढची चार वर्षं काम चालू. नाही दिसला तर काम बंद, आणि मी कायमची मत्स्यखाद्य विभागात. त्यांनी निवडलाय तो चार नंबरच, कारण तो सगळ्यांत खोल आहे.

तर एखादा बोया सुटलाय का, तेवढं बघशील? माझंच काहीतरी चुकलं असण्याची शक्यता जास्त. सगळं नीट पार पडलं की सहाही जागा सर्वांना बघता येईल अशा नकाशावर टाकणार आहोत. आपल्या फ्योर्डचं नाव होईल.

तुझी, अजून नोकरीत असलेली,
तोरुन

•

नेस्वोग, २० एप्रिल

तोरुन,

तिन्ही बोये बघून आलो. अंड्यावर बसलेल्या कोंबड्यांसारखे बसलेत. एकही हललेला नाही.

डबा खेकड्यांनी ओढला असेल. या वर्षी खेकडे मोठे आहेत.

तुझ्या पत्रात तू दर चार ओळींनी म्हणतेस, माझंच चुकलं असेल. ही सवय तुझ्या वडिलांकडची. आमच्याकडे आधी दुसऱ्याचं काय चुकलं ते बघतात आणि बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

एक सहज विचारतो. तो नकाशा सर्वांना बघता येईल म्हणजे कोणाकोणाला? उन्हाळ्यात सुटीच्या बंगल्यांवर येणाऱ्या तुमच्या बर्गनवाल्यांनाही? आणि त्यावर ठिपका केवढा असतो, अंगठ्याएवढा की सुईच्या टोकाएवढा? अगदी सहज विचारतोय.

पुढच्या खेपेला येताना तपकिरी चीज आणू नकोस, इथे मिळतं. स्वतः ये.

एक कान आणि दोन्ही डोळे शाबूत असलेला,
ओड्लाइव

•

बर्गन, २५ एप्रिल

प्रिय मामा,

ठिपका सुईच्या टोकाएवढा असतो. आम्हाला त्याचाच अभिमान आहे. तू रस घेतोस हे बघून बरं वाटलं.

मी रविवारभर बसून विचार केला. पाण्यात आवाजाचा वेग कायम नसतो. थंड पाण्यात तो मंदावतो, गोड्या पाण्यातही मंदावतो, आणि आत्ता डोंगरावरचं बर्फ वितळून फ्योर्डवर थंडगार गोड्या पाण्याची साय आली असणार. मी हिशेबात मार्चचं पाणी धरलं होतं. म्हणून अंदाजाने एप्रिलचं पाणी धरून सगळं पुन्हा मांडलं. चार नंबरचा होता तिथेच राहिला, आणि आतापर्यंत शहाण्यासारखा बसलेला दोन नंबरचा, जो अगदी किनाऱ्यालगत आहे, तो आइलर्टच्या गोठ्यात गेला. अक्षरशः. नकाशावर बघितलं तर डावीकडून दुसऱ्या गाईपाशी.

अंदाज नको, मोजमाप हवं. सोबत दोरीला बांधलेला तापमापक पाठवतेय. तिन्ही बोयांपाशी आणि चार नंबरचा डबा मुळात जिथे टाकला तिथे, असा चार ठिकाणी तळापर्यंत सोडून आकडे लिहून पाठवशील? शेवटच्या जागेचा नकाशा मागे काढलाय. तुझ्या होडीने दहा मिनिटं.

गीस्ले आता जेवणाच्या टेबलावर मला "गाईंची काय खबर?" असं विचारतो.

तोरुन

•

नेस्वोग, १ मे

तोरुन,

आकडे मागच्या पानावर आहेत. तिन्ही बोयांपाशी मोजलं.

चौथ्या जागेवर गेलो नाही. तिथे काही नाही. मासा नाही, तळ खराब, गळ अडकतो. म्हणजे अडकत असेल, मी कधी गेलेलो नाही. माझ्यावर विश्वास नसेल म्हणून इतरांनाही विचारलं. आइलर्ट म्हणाला, तिथे काहीसुद्धा नाही, आणि हे तो फार जोरात म्हणाला. बोर्गहिल्ड म्हणाली, फ्योर्डमध्ये अशी एक जागा आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. पाद्रीबाई वल्ही मारत चालल्या होत्या, त्या म्हणाल्या, देवाने ती जागा रिकामीच ठेवली असावी. तेव्हा सगळ्या गावाचं एकमत आहे. असं इथे चर्चच्या रंगाच्या वेळेलाही झालं नव्हतं.

आइलर्टला तुझा निरोप दिला. त्याने गोठ्यातलं सगळं गवत उपसून बघितलं. डबा सापडला नाही. मी त्याला म्हटलं, अरे, हा हिशेबातला डबा आहे, खरा नाही. तर म्हणाला, "मग ती आधी का नाही बोलली? गाय दूध द्यायची थांबलीय." तू आलीस की चार दिवस त्याच्या वाटेने जाऊ नकोस.

ओड्लाइव

•

बर्गन, ८ मे

प्रिय मामा,

तुझे आकडे घातले आणि पाचही डबे आपापल्या जागी गपकन बसले. दोन नंबरचा गोठ्यातून पाण्यात परतला. आइलर्टला माझी माफी सांग. चार नंबरचा मात्र तसाच साडेतीनशे मीटर दूर. म्हणजे हिशेब बरोबर आहे आणि डबा खरोखर सरकलाय.

पुढचं लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. प्रत्येक डबा कलंडला की नोंद ठेवतो. चार नंबरच्यात ९ एप्रिलची नोंद आहे: आडवा झाला, वर उचलला गेला, थोड्या वेळाने पुन्हा खाली. डबा ऐकलेलंही साठवतो. मी त्याच्याकडे त्या वेळचा आवाज मागितला. पाण्यातून आवाज मागवणं म्हणजे चमच्याने हौद उपसणं, चार दिवस लागले. एक होडी येते. इंजिन डग-डग-डग करतं, मग एक ठोका चुकतो, मग पुन्हा डग-डग-डग. ती थांबते. दोर ओढायचं चाक फिरतं. मग होडी पश्चिमेला जाते, आणि मोठा डुबूक.

लहानपणी सुटीत तुझ्याकडे असताना मी त्या चुकलेल्या ठोक्यावर झोपी जायचे. पण एकसारखी इंजिनं बरीच असतील. मी न विचारता लोकांचे आवाज ऐकतेय, हेही मला बरोबर वाटत नाही. मला काही विचारायचं नाहीये. तुला काही सांगायचं आहे का?

तोरुन

•

नेस्वोग, १३ मे

तोरुन,

जगात माझं सोडून दुसरं ठोका चुकणारं इंजिन नाही, हे तुलाही माहीत आहे. नसते उपकार करू नकोस.

ऐक. ती जागा आपली आहे. तुझ्या आजोबांच्या वडिलांनी शोधलेली. तळाशी एक खडक आहे आणि त्याच्या आडोशाला लांगे मासे असतात, एकेक माझ्या पायाएवढा. जमिनीवरच्या दोन खुणा दोन खुणांवर आणायच्या, की होडी बरोबर खडकावर. ही खूण घरात एकालाच सांगायची. तुझ्या आईलाही सांगितली नाही. तुला तर नाहीच, कारण सात वर्षांची असताना तुला आइलर्टने विचारलं, एवढा मोठा मासा कुठे गं मिळाला, आणि तू बोटाने दाखवलंस. नुसतं दाखवलं नाहीस, तर "त्याच्या जरा डावीकडे" अशी दुरुस्तीही केलीस. तुझे आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, पोरगी हुशार आहे पण तिला खोटं बोलता येत नाही, तिला खूण देऊन उपयोग नाही.

आणि अख्खा फ्योर्ड मोकळा असताना तुम्ही तो डबा टाकलात नेमका तिथे. माझा गळ त्यात अडकला. वर ओढला तर त्यावर तुमच्या संस्थेचा शिक्का. मार्चमध्ये तू नकाशाचं म्हणाली होतीस, ते आठवलं. म्हटलं, सुटीवाले बंगलेवाले फोनात ठिपका बघत येतील, नाकाला उन्हाचं मलम लावून. म्हणून जिथे खरंच मासा नाही तिथे नेऊन ठेवला. अलगद ठेवला. डुबूक तेवढं शेवटी झालं.

तुझी नोकरी त्यावर टांगलीय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तू आधी सांगायला हवं होतंस. (बघ, आधी दुसऱ्याचं.)

मामा

•

बर्गन, १५ मे

प्रिय मामा,

मी ऑफिसात उभी राहून नाचले. गीस्लेने दार लावून घेतलं. तुझ्या लक्षात येतंय का? डबा तू जिथे ठेवलास तिथेच माझा हिशेब त्याला दाखवतोय! माझं काहीच चुकलं नव्हतं. २१ तारखेला कॅमेरा तिथेच सोडायचा, तुझ्या त्या मासा नसलेल्या जागी, आणि तो दिसणार.

म्हणून आता फक्त एक कर. काहीही करू नकोस. डब्याला हात लावू नकोस, त्याच्याकडे बघूही नकोस. बोयांची बॅटरी वाचवायला मी ते २१ तारखेपर्यंत बंद ठेवतेय.

नकाशाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. तिथे खोटं लिहिणं मला जमणार नाही. विचार करतेय.

तुझी आनंदी,
तोरुन

•

नेस्वोग, १९ मे

तोरुन,

तुझं काही उत्तर नाही. १७ मेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीपासून टपाल झोपलेलंच आहे. बँडवाल्यांतले दोघे टपालातले आहेत, ते अजून कपड्यांत नाहीत. म्हणजे बँडच्याच कपड्यांत आहेत.

मिरवणुकीत झेंडा धरून चालताना मी सगळा विचार केला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मला अजून किती लांगे खायचेत? तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय. तेव्हा आज सकाळी जाऊन डबा वर काढला, शेवाळ पुसलं, जुना दोर कुजका वाटला म्हणून माझा नवा निळा दोर बांधला, आणि तुम्ही टाकला होता बरोबर तिथेच, खडकाशेजारी, ठेवून आलो. या वेळी डुबूकसुद्धा नाही. ठिपका पडायचा तर पडू दे.

तुझ्या त्या ओस्लोवाल्यांना सांग, आता निवांत बघा.

मामा

•

बर्गन, २२ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र आज मिळालं. एक दिवस उशिरा. माझं १५ तारखेचं तुला कधी मिळालं ते विचारायची माझी हिंमत नाही.

काल काय झालं ते लिहिते. जहाज मी सांगितलेल्या जागी थांबलं. ओस्लोहून आलेली दोघं गरम टोप्या घालून पडद्यासमोर बसली. कॅमेरा खाली गेला. हिरवं, मग काळं, मग तळ. चिखल. एक खेकडा आला, त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तो निघून गेला. अर्धा तास आम्ही चिखल बघत होतो. गीस्ले माझ्या कानाशी म्हणाला, "गोठ्यात बघायचं का?"

माझं चुकलं असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, मामा. शब्द ओठावर होते. मग वाटलं, आधी दुसऱ्याचं बघावं. बोये चालू केले. हाक मारली. चार नंबरने ओ दिली, पण वेगळ्याच ठिकाणाहून. पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. मी म्हटलं, "डबा इथे नाही. साडेतीनशे मीटर पूर्वेला आहे." गीस्ले म्हणाला, "आतापर्यंत पश्चिमेला होता ना? नक्की एक काय ते ठरव." मी म्हटलं, "तेव्हा इथे होता. आता तिथे आहे. मला काय विचारतोस, त्याला विचार." असं मी कधी कोणाशी बोलत नाही.

गेलो. कॅमेरा खाली. आणि उजेडात तो उभा, घासूनपुसून चकचकीत, गळ्यात नवा निळा दोर आणि त्याला तुझी ती दोन फासांची गाठ.

ओस्लोवाली बाई उठून उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम तो आम्हाला न सांगता हलवलात? आणि यंत्रणेने पुन्हा शोधला? अशी कडक चाचणी आम्ही आजवर बघितली नाही!" गीस्लेने सावकाश चष्मा पुसला आणि म्हणाला, "आमची हीच पद्धत आहे."

चार वर्षं मिळाली. खरं सांगायला हवं होतं का, हे मी रात्रीपासून स्वतःला विचारतेय.

तुझी,
नोकरीत असलेली तोरुन

•

नेस्वोग, २७ मे

तोरुन,

तुझं १५ तारखेचं २० तारखेला मिळालं. मी ते वाचलं आणि चुलीत घातलं.

गीस्लेबद्दल माझं मत सुधारलं. त्याला खूण द्यायला हरकत नाही.

त्या दिवशी तुमचं एवढं मोठं जहाज भर उन्हात खडकावर जाऊन उभं राहिलं, तेव्हा सगळं गाव धक्क्यावर होतं. आइलर्टने टोपी काढली. बोर्गहिल्डने दुकान अर्धा तास बंद ठेवलं. पाद्रीबाई पुटपुटत होत्या. मी म्हटलं, यांना काय झालंय?

आता दोन गोष्टी. ठिपक्याचं काय? आणि तुमच्या कॅमेऱ्याला तिथे खाली काय दिसलं? म्हणजे डब्याशिवाय. दुसऱ्या कोणाचं काही?

मामा

•

बर्गन, १ जून
(हे पत्र पाठवलं नाही. वहीतच राहिलं.)

प्रिय मामा,

तू विचारलंस म्हणून खरं ते सांगते. खडकाभोवती शिशाच्या वजनांचा खच पडलाय. तुझी ओळखू आली. त्यांच्या शेजारी लाल रंगवलेली, ती आइलर्टची. मग पितळेची चपटी वजनं, भोक पाडलेली. ती बोर्गहिल्डच्या दुकानातल्या जुन्या तराजूची आहेत, लहानपणी मी त्यांच्याशी खेळलेय. आणि चर्चच्या छपरावरच्या जुन्या शिशातून ओतलेली, बदामाच्या आकाराची. ती कोणाची असणार हे सांगायला नको. चाचणीनंतर डबे वर काढल्यावर मी सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. सोमवारी एक इंजिन येतं, मंगळवारी दुसरं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर वल्ह्यांचा आवाज. गुरुवारी तुझा चुकणारा ठोका.

मामा, ही जागा फक्त आपली नाही. आणि याची सुरुवात बहुधा माझ्या बोटापासून झाली.

•

बर्गन, २ जून

प्रिय मामा,

तळाशी चिखल, खडक, दोन खेकडे आणि तुझी शिसं. दुसऱ्या कोणाचंही काही नाही. रेकॉर्डिंगही पूर्ण ऐकलं. तुझ्याखेरीज तिथे एकही होडी येत नाही. जागा आपलीच आहे.

नकाशाचं ठरलं. चार नंबरचा डबा पाण्यात असतानाचे बहुतेक दिवस जिथे होता तीच त्याची जागा म्हणून द्यायची, आणि मधे तो दोनदा हलवला गेला अशी तळटीप. प्रत्येक शब्द खरा आहे. म्हणजे ठिपका तुझ्या त्या मासा नसलेल्या जागी पडलाय. सुईच्या टोकाएवढा.

तोरुन

•

नेस्वोग, ९ जून

तोरुन,

बंगलेवाले आले. काल तीन होड्या तुझ्या ठिपक्यावर बसून होत्या, नाकाला मलम लावून. काही मिळालं नाही. आइलर्ट, बोर्गहिल्ड, पाद्रीबाई आणि मी धक्क्यावरून बघत होतो. आम्ही त्यांना हात केला. फार छान दुपार गेली.

आता तुझ्या पत्राविषयी. दुसऱ्या कोणाचंही काही नाही म्हणतेस. माझ्या नौकाघरात खिळ्याला आइलर्टच्या लाल शिशांची माळ आहे, सगळी त्याच खडकातून माझ्या गळाला आलेली. पितळी आणि बदामी वेगळ्या खिळ्यांवर. माझी त्यांच्याकडे टांगलेली असतील. सोमवार आइलर्टचा, गुरुवार माझा. हे कोणी ठरवलं नाही आणि कोणी कधी बोललेलं नाही. कोणी बोललं की संपलं.

म्हणजे तू मला खोटं लिहिलंस. एकाच परिच्छेदात तीन वेळा, आणि एकदाही "माझं चुकलं असेल" न म्हणता. मी ते पत्र तुझ्या आजोबांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं.

तेव्हा घे. चर्चच्या मनोऱ्याचं टोक शाळेच्या पांढऱ्या चिमणीवर आणायचं, आणि टेकडीवरचा दगडांचा ढीग बोर्गहिल्डच्या नौकाघराच्या उजव्या कोपऱ्यावर. जिथे दोन्ही जुळतात तिथे खडक. आता ही तुझी.

मामा

•

बर्गन, १४ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. मग नकाशा घेऊन दोन्ही रेघा काढल्या. वाटलं माझीच रेघ चुकली, म्हणून पुन्हा काढल्या. मग तिसऱ्यांदा, बारीक पेन्सिलीने.

मामा, त्या आइलर्टच्या गोठ्यात जुळतात.

तोरुन

•

(पोस्टकार्ड, नेस्वोग, १८ जून)

रेघा बरोबर आहेत. डावीकडून दुसरी गाय. खरी खूण कागदावर कोण लिहितं? इथलं टपाल बोर्गहिल्डच्या दुकानातून जातं.

गुरुवारी सकाळी ये, होडीतून दाखवतो. लोकरीचे मोजे आण. आइलर्ट धक्क्यावर असेलच आणि कुठे निघालात म्हणून विचारेलच. मी बहिरा आहे, मला ऐकू येणार नाही. उत्तर तू द्यायचंस. हात खिशात ठेवून.